पहिल्या पानावरची बाई

कुंडीवरचा तडा मी आधी ओळखला, नाव नंतर वाचलं. वर्गातल्या पांढऱ्या पडद्यावर ती कुंडी माणसाएवढी मोठी झाली होती. काठापासून खाली उतरलेला, मध्येच डावीकडे वळलेला तडा, त्यावर आडवी चिकटवलेली जखमेची पट्टी, आणि वर जिरॅनियमची फिकट जांभळी फुलं. "बघा ना मॅडम," दाराजवळ बसणारी मुलगी म्हणाली, "आईचं नाव टाकलं की ही बाई येते. आमची आई कुठेच नाही." वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "तुझ्या आईपेक्षा हिचं मार्केटिंग भारी आहे." मीही हसले. हसू ओठांवर आलं आणि पुसायचं राहून गेलेल्या फळ्यासारखं तिथेच राहिलं. खेळ माझाच होता. दर वर्षी तिसऱ्या आठवड्यात मी तो घेते. घरातल्या एखाद्या माणसाचं नाव शोधपट्टीत टाका आणि जगाला ते माणूस कसं दिसतं ते बघा. कुणाचा मामा शाळेच्या जुन्या यादीत सापडतो, कुणाची आत्या पोहण्याच्या स्पर्धेत तिसरी आलेली असते. मुलांना गंमत वाटते, आणि मग मला सांगता येतं की लोक पहिल्या पानाच्या पुढे जात नाहीत, दुसरं पान म्हणजे माळा. मी हे वाक्य इतक्या वेळा बोलले आहे की त्याची चव गेलीय. त्या दिवशी ते माझ्या तोंडातून निघालं आणि मला ऐकू आलं.

जनसंपर्काच्या पदविकेला मी दोन विषय शिकवते. सोमवारी सर्च इंजिनमध्ये वर कसं यायचं, आणि गुरुवारी ऑनलाइन नीतिमत्ता. मुलं म्हणतात, सोमवारी मॅडम चोरी शिकवतात आणि गुरुवारी पोलीस होतात. मला राग येत नाही. माझा आवाज बारीक आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, तेव्हा मुलांना पुढे सरकावंच लागतं. त्यामुळे ती माझ्याशी घरच्यासारखी बोलतात. तास संपल्यावर ती मुलगी टेबलाशी आली. तिला निघायची घाई नव्हती. "आईला सांगितलं तर हसेल," ती म्हणाली. "तिला माहीत आहे ही बाई. रोज वाचते हिचं. म्हणते, माझ्या नावाच्या बाईच्या हाताला गुण आहे. आमच्याकडेपण तसंच जिरॅनियम आणलंय तिने." मी वह्या एकावर एक ठेवत होते. "आणि आईचं स्वतःचं काहीच नाही?" मी विचारलं. म्हणजे उत्तर ठाऊक असताना विचारलं. "होतं ना. बाबा गेले तेव्हा तिने पेपरात पत्र लिहिलं होतं. मी तेव्हा सातवीत. आता शोधलं तर मिळतच नाही. आई म्हणते, जाऊ दे, आपलं कोण जपून ठेवणार." ती बॅग खांद्याला लावून निघून गेली. मी प्रोजेक्टर बंद केला. पडदा पांढरा झाला तरी कुंडी तिथे होतीच, डोळ्यांत दिव्याचा ठिपका राहतो तशी.

ते पत्र कुठे आहे हे मला ठाऊक होतं. सहाव्या पानावर, खालून दुसरं. तिथे ते मी ठेवलं होतं. आठ वर्षांपूर्वी मी एका एजन्सीत होते, आणि आमच्या एका गिऱ्हाइकाचा दगडाचा कारखाना होता. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी चकचकीत दगड कापायचे. एका छोट्या वर्तमानपत्राच्या साइटवर एका बाईचं पत्र आलं, पूर्ण नावानिशी. नवरा कारखान्यात कापायच्या यंत्रावर होता, एकेचाळिसाव्या वर्षी छातीत धूळ साठून गेला. त्या पत्रातली एक ओळ मला अजून पाठ आहे: 'मी रोज त्यांचा शर्ट गॅलरीत झटकायचे, पांढरं काहीतरी पडायचं, मला वाटायचं घामाचं मीठ असेल.' आमचे साहेब भले माणूस होते. कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतः फोन करायचे. मला मास्तरीणबाई म्हणायचे. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. मला चालत नाही आणि तुम्हाला तर नाहीच नाही. पत्र खोडायचं नाही, बाईंना काही बोलायचं नाही. आपण कुणाचं तोंड बंद करत नाही हो. आपण फक्त खोलीत माणसं वाढवतो." कारखान्याच्या नावाचं काम दुसऱ्या दोघांकडे होतं. माझ्याकडे बाईंचं नाव आलं. पत्राचा बोभाटा झाला होता, लोक ते नाव शोधणार होते. शोधलं की दुसरंच काही सापडावं. मग त्या नावाची एक बाई मी घडवली. तिला झाडांची हौस दिली. तिच्या नावाने एकसष्ट लेख लिहिले, दर आठवड्याला दोन. पत्र पहिल्यावरून तिसऱ्यावर गेलं, मग नवव्यावर, मग पान उलटून पलीकडे. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी लाजले, हेही मला आठवतं.

मी सकाळी उठल्यावर अर्धा तास मौन पाळते. लग्नाच्या आधीपासून. खिडकीशी डोळे मिटून बसायचं, आणि उठताना दिवसाचं पहिलं वाक्य देवापाशी बोलायचं: आज माझ्याकडून खोटं बोललं जाऊ नये, आणि माझ्यामुळे कुणाला दुखू नये. आईने शिकवलेलं. एजन्सीच्या सहा वर्षांत माझा एकही दिवस चुकला नाही. तापातसुद्धा नाही. आणि मला एकदाही वाटलं नाही की वाक्याच्या वाटेत काही आलंय, कारण लेखांतली प्रत्येक ओळ खरी होती. पुदिन्याला वेगळी कुंडी द्या, तो शेजाऱ्याला जगू देत नाही. मेलेली फुलं खुडा, झाडाला उगाच आशा लागते. भांड्याला तडा गेला तर फेकू नका, पट्टी लावा, मुळांना काय कळतंय. हे मी कुठून उचललं नव्हतं. हे सगळं माझ्या आईचं होतं. त्या वर्षी आई आजारी होती. आमच्याकडेच असायची, दक्षिणेकडच्या खिडकीत खुर्ची टाकून. मी तिच्या पायाशी लॅपटॉप घेऊन बसायचे आणि विचारायचे, "आई, आज काय लिहू?" ती म्हणायची, "कुणासाठी लिहितेस गं एवढं?" मी म्हणायचे, "ऑफिसचं आहे." "ऑफिसला झाडं कशाला लागतात?" "लागतात हल्ली." ती हसायची. तिला वाटायचं लेकीला बरं ऑफिस मिळालंय. एकसष्टावा लेख लिहिला त्याच्या नवव्या दिवशी ती गेली. खुर्ची आम्ही देऊन टाकली. फोटोतली तिची ती कुंडी पुढच्याच वर्षी दुभंगली. आईचा आवाज कुठे टेप केलेला नाही, तिने पत्रं लिहिली नाहीत, फोटोत ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभी. तिचं बोलणं जगात एकाच जागी शिल्लक आहे. त्या बाईच्या नावाखाली. दर वर्षी आईच्या तिथीला... नाही, तिथीलाच असं नाही, मधूनमधूनही, मी ते पान उघडून वाचत आलेय. वरचं नाव माझ्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. दाराशी ठेवलेली चप्पल दिसत नाही तसं.

घरी आले. नवऱ्याने चहा ठेवला होता. ओट्यावर पीठ सांडलेलं होतं, मी फडकं घेतलं आणि पुसता पुसता थांबले. पांढरं, हलकं, बोटाला लागणारं. "काय झालं?" त्याने विचारलं. सांगितलं. तो ऐकून घेतो, ते एक बरं आहे. मग म्हणाला, "आठ वर्षं झाली. कुणाच्या लक्षात आहे आता?" मी म्हटलं, "कुणाच्या लक्षात राहू नये हेच तर माझं काम होतं." त्याने चहा गाळला. मग म्हणाला, "त्या पोरीला नको सांगूस. पोरगी शिकायला आलीय, तिच्या डोक्याला कशाला ताप?" त्यात तिची काळजी होती, माझीही होती. मला ते वाक्य फार आवडलं. दहा मिनिटं मी त्या वाक्याच्या सावलीत बसून राहिले. मग आठवलं की त्या बाईला एक मेल-पत्ताही दिला होता. लेखाच्या तळाशी असायचा: काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. खरी बाई वाटायला हवी, तर तिला पत्ता हवा. एजन्सी बंद पडून तिथले सगळे पांगले. त्या पेटीत इतक्या वर्षांत कुणी डोकावलं नव्हतं. पासवर्ड मला आठवत नव्हता, बोटांना आठवत होता.

दोनशे बारा पत्रं. बरीचशी खतांच्या जाहिराती. एका बाईंनी कुंपणाच्या वेलीचा फोटो पाठवला होता. कुणी सासूबाई, सून झाडांना जास्त पाणी घालते म्हणून तक्रार करत होत्या. मी उघडत गेले. पाच वर्षांपूर्वीचं एक होतं, पाठवणाऱ्याच्या जागी तेच नाव जे पेटीवर होतं. क्षणभर वाटलं, मीच मला लिहिलंय. 'नमस्कार. तुमचं आणि माझं नाव आडनावासकट एकच आहे म्हणून धीर करून लिहिते. तुमचं वाचून मी जिरॅनियम आणलं. खालची पानं सारखी पिवळी पडतात. काय चुकत असेल? घरात मी आणि मुलगी दोघीच असतो. तुमचं वाचलं की कुणीतरी शेजारी बसून बोलतंय असं वाटतं.' एवढंच. मी ते उभ्यानेच वाचलं. बसायला हवं होतं. कारण पुढचं वाईट होतं. ते तीन वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या गावच्या एका बाईचं. 'पेपरात दगडाच्या धुळीबद्दल पत्र लिहिणाऱ्या त्या तुम्हीच का? आमच्या ओळखीच्या एकाने नाव सांगितलं, शोधलं तर हा पत्ता मिळाला. माझा भाऊ ओट्याचे दगड कापतो. डॉक्टर दमा म्हणतात, औषधाने उतार नाही. तुमच्या मिस्टरांचं कोणत्या तपासणीत कळलं तेवढं सांगाल का? फोन नंबर खाली देते.' आणि महिन्याने तिचंच आणखी एक: 'उत्तर आलं नाही, म्हणजे त्या तुम्ही नसाल. उगाच त्रास दिला, माफ करा. तुमची फुलं छान आहेत.'

दुसऱ्या दिवशी मौनाचा अर्धा तास झाला आणि मला ते वाक्य बोलता येईना. तोंड उघडलं, आवाज नव्हता असं नाही, पण वाक्य पुढे येईना. मी पुन्हा डोळे मिटले. नवरा दोनदा डोकावून गेला. "आज जास्तीचं आहे का?" त्याने विचारलं, आणि मी मान हलवल्यावर म्हणाला, "बरं, मग भाजी मी ठरवतो." कॉलेजला जायची वेळ झाली तेव्हा मी मुकाट्याने उठले. खोटं बोलू नये म्हणून एवढी जपले, रिक्षावाल्याशी, शेजारणीशी, मुलांच्या हजेरीपटाशीसुद्धा. आणि एक बाई मी तिच्याच नावाने झाकून टाकली, माझ्या आईचं बोलणं वापरून, शुद्ध खऱ्या वाक्यांनी. माझ्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, कुणाला दुखू नये, तो मी रोज घाईने म्हणत आले होते बहुतेक. पत्र उकरून वर आणणं मला अवघड नव्हतं. ते लेख काढून टाकले की काही आठवड्यांत ते आपोआप वर चढलं असतं, कुणाला काही न सांगता. सोमवारचं ज्ञान. एक बटण दाबायचं होतं. मी ते पान उघडून बसले, सगळे लेख निवडले, आणि बोट तिथेच ठेवून पुदिन्याचा लेख वाचत राहिले. 'तो शेजाऱ्याला जगू देत नाही.' आईचा हेल त्या वाक्यात आहे. 'नाही' म्हणताना ती मान थोडी वाकडी करायची. बुधवारीही तेच. बटण दाबलं असतं तर आई गेली असती, आणि मुलीला, तिच्या आईला, कुणालाच काही कळलं नसतं. मला नेमकं काय सोडवत नव्हतं, आई की ते न कळणं, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते.

गुरुवारी नीतिमत्तेच्या तासाआधी मी त्या मुलीला पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं. ती बाटली भरत होती. मी सांगितलं. सरळ सांगितलं, मध्येच साहेबांचं नाव पुढे करावंसं वाटलं, ते केलं नाही. बाटली भरून पाणी तिच्या हातावरून वाहायला लागलं तरी तिने नळ बंद केला नाही. "म्हणजे ती झाडांवाली बाई..." "मी." "म्हणजे नाहीच आहे कुणी?" "नाही." तिने नळ बंद केला. "आईची एक मैत्रीण कमी झाली," ती म्हणाली. वर्गातून मागच्या बाकावरचा ओरडला, "मॅडम, पोलीस आले का ड्यूटीवर?" ती त्या दिशेने न बघता म्हणाली, "आईला मी नाही सांगणार. तुम्ही या घरी. शनिवारी चारला असते ती." आणि त्या तासाला ती दाराजवळ बसली नाही. पहिल्या बाकावर, माझ्या समोर बसली, आणि पूर्ण वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. का कोण जाणे, मी त्यांना म्हातारं धरून चालले होते. दोन खोल्या, इस्त्रीचे कपडे खुर्चीवर रचलेले, आणि खिडकीत ते जिरॅनियम. कुंडी चांगली होती, तिला तडा नव्हता, पण बाईंनी तिच्या काठाखाली एक जखमेची पट्टी चिकटवली होती. फोटोत होती म्हणून. मी तिच्याकडे बघू शकले नाही. "या ना, मुलगी सारखं तुमचं सांगते," त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज बारीक आहे म्हणून सगळ्यांना पुढे बसावं लागतं म्हणे." मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मी बसले आणि सांगायला लागले. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. पदराशी... ओढणीच्या टोकाशी बोटं चाललेली, तेवढीच. माझं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले होते. शब्द सुचायचे नाहीत. मुलगी झोपली की... नाही, ती शाळेत गेली की बसायचे. छापून आलं तेव्हा वाटलं, चला, आता कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. मला वाटलं, आपलंच लिहिणं साधं असेल, कुणाला लागलं नसेल." "नाही हो," मी म्हणाले, "लागलं होतं. म्हणून तर." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला पानांचं विचारलं होतं. तीन ओळी लिहायला काय झालं होतं?" माफी मागितली, ती त्यांनी घेतली की नाही कळलं नाही. मी पिशवीतून कागद काढले. दुसऱ्या गावच्या बाईची दोन्ही पत्रं छापून नेली होती.

त्यांनी पहिलं वाचलं. मग दुसरं, 'तुमची फुलं छान आहेत' पर्यंत. कागद मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. "हे कधीचं?" "तीन वर्षं झाली." "तीन वर्षं," त्या म्हणाल्या आणि मुलीकडे हात केला. "फोन दे. नंबर वाच." मुलीने वाचला. घंटी आम्हा तिघींना ऐकू येत होती. पलीकडून कुणीतरी उचलला, आणि बाई ताठ बसल्या आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. आठ वर्षांत मी ते नाव शेकडो वेळा टाइप केलं होतं, ते कुणी स्वतःचं म्हणून उच्चारताना पहिल्यांदा ऐकलं. "हो, तीच. पत्रवाली," त्या म्हणाल्या. "नाही, नाही. झाडांवाली नाही, ती दुसरी. मला तुमचं आत्ता मिळालं हो. आत्ता, या क्षणाला. भाऊ कसा आहे?" मग त्या ऐकत राहिल्या. खूप वेळ. मध्ये फक्त 'हं' आणि एकदा "आमच्याकडेपण दमाच म्हणाले होते." मुलगी हळूच त्यांच्या शेजारी टेकली. त्यांनी एका कागदाच्या मागे तपासणीचं नाव, डॉक्टरांचं नाव लिहायला घेतलं, पलीकडच्या बाईला अक्षर अक्षर सांगायचं म्हणून. फोन ठेवला तेव्हा म्हणाल्या, "आहे. नळी लावून श्वास घेतो, पण आहे. त्याच्याबरोबरचे आणखी चौघं आहेत तसेच. सगळ्यांना बोलायचंय माझ्याशी."

मी उठले. दारापर्यंत मुलगी आली, बाई खिडकीतच होत्या. सगळे लेख आज काढून टाकते असं मी म्हणाले. म्हणताना आवाज नेहमीपेक्षाही बारीक निघाला असावा, कारण त्यांनी वळून विचारलं, "ते कुणाचं होतं पण? झाडांचं. तुम्हाला एवढं कळतं?" मी म्हणाले, "माझ्या आईचं. ती बोलायची, मी लिहून घ्यायचे. आता नाहीये ती." बाई पुन्हा खिडकीकडे वळल्या. त्यांनी कुंडीतल्या मातीत बोट घातलं, पहिल्या लेखात सांगितलंय तसं, दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढून बघितलं. माती बोटाला चिकटली होती. "ओलं आहे," त्या म्हणाल्या. "मग आज नको," मी म्हणाले, "पाणीच जास्त होतंय." त्यांनी बोट ओढणीला पुसलं, आणि मग काठाखालची ती पट्टी नखाने सोलून काढली, घडी केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काढून नका टाकू. तुमच्या आईचं नाव घाला तिथे. माझं मला लागणार आहे आता."